इव्हेंट-आधारित रचना की कमी लेटन्सी: सहा जणांच्या गटाने आधी काय हाती घ्यावे?

अर्धविराम (प्रश्न)

नमस्कार. आमच्या गटाकडे ऑर्डर स्वीकारण्याआधी तिची तपासणी करणारी एक सेवा आहे. ऑर्डर आली की खातेदाराची मर्यादा, त्या दिवसाची त्याची एकूण उलाढाल आणि निर्बंध घातलेल्या खात्यांची यादी, अशा तीन गोष्टी पाहिल्या जातात आणि ऑर्डर स्वीकारली की नाकारली एवढेच उत्तर परत जाते. स्वीकारलेल्या प्रत्येक ऑर्डरमागे आणखी चार कामे असतात: हिशेबात नोंद करणे, ग्राहकाला सूचना पाठवणे, लेखापरीक्षणासाठी नोंद ठेवणे आणि अहवालांची आकडेवारी अद्ययावत करणे. एका ऑर्डरची ही सगळी कामे आज एकाच जावा प्रोग्रॅममध्ये, एकाच थ्रेडवर (प्रोग्रॅममधल्या कामाच्या एकाच धाग्यावर), एकापाठोपाठ एक होतात. मागे एकच पोस्टग्रेस डेटाबेस आहे आणि कनेक्शन पूलमध्ये, म्हणजे त्याच्याशी आधीच जोडून ठेवलेल्या वाटांच्या साठ्यात, ४० कनेक्शन आहेत.

सेकंदाला सरासरी ४०० ऑर्डर येतात, गर्दीच्या वेळी हा आकडा २,५०० पर्यंत जातो. उत्तराच्या वेळेचा मध्यक २२ मिलिसेकंद आहे आणि पी९९, म्हणजे शंभरपैकी नव्याण्णव रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत पूर्ण होतात तो आकडा, १८० मिलिसेकंद आहे. गर्दीत तोच ९०० च्या पुढे गेलेला मी पाहिला आहे. आता नवीन अट अशी आली आहे की पी९९ १० मिलिसेकंदांच्या आत असला पाहिजे.

यावर गटात दोन तट पडले आहेत. एका तटाचे म्हणणे असे की सेवेचे पाच तुकडे करावेत, मध्ये काफ्का हा संदेश साठवून पुढे पोहोचवणारा मंच ठेवावा आणि प्रत्येक तुकड्याने इव्हेंट, म्हणजे काय घडले ते सांगणारे संदेश, ऐकून आपापले काम करावे. दुसऱ्या तटाला वाटते की तपासणीचा भाग सी प्लस प्लसमध्ये नव्याने लिहावा, लॉक (एका वेळी एकालाच हात लावू देणारी कुलपे) पूर्णपणे टाळावेत आणि नेटवर्कचे पॅकेट ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलला, म्हणजे गाभ्याला, वळसा घालून थेट वाचावेत. आम्ही सहा जण आहोत आणि हाताशी साधारण वर्षभराचा वेळ आहे, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकदम जमणार नाहीत हे उघड आहे. मला स्वतःलाही या वर्षात एका विषयात खोल उतरायचे आहे. अशा स्थितीत निवड कोणत्या निकषावर करावी?

जुना_गवंडी

तुमच्या दोन तटांचे भांडण मुळात एका विषयावर नाही. इव्हेंट-आधारित रचना ही प्रोग्रॅमचे कोणते भाग एकमेकांना ओळखतात आणि कोणते ओळखत नाहीत, याची व्यवस्था आहे. कमी लेटन्सी हे उत्तर किती वेळात देणार याचे वचन आहे. पहिली व्यवस्था केली म्हणून दुसरे वचन आपोआप पाळले जात नाही. उलट कित्येकदा तेच मोडते.

त्यामुळे माझा पहिला प्रश्न तंत्रज्ञानाविषयी नसून वाट पाहणाऱ्याविषयी आहे. ऑर्डर पाठवणारा नेमका कशासाठी थांबला आहे? तुमच्याच वर्णनावरून तो फक्त तीन तपासण्यांसाठी थांबला आहे. हिशेब, सूचना, लेखापरीक्षण आणि अहवाल यांच्यासाठी त्या क्षणी कोणीही ताटकळलेले नाही, तरीही त्या चौघांचा वेळ तुम्ही त्याच्याच माथी मारत आहात. सेवेला छेद द्यायचा तर तो इथे द्यावा. छेदाच्या अलीकडे तीन तपासण्या सरळ, एकाच प्रोग्रॅममध्ये, मध्ये कोणताही क्यू (संदेशांची रांग) न ठेवता होऊ द्याव्यात, आणि पलीकडची चार कामे इव्हेंटवर सोडावीत.

आता घोडे कुठे पेंड खाते ते पाहू. लिटल यांचा नियम सांगतो की सेकंदाला येणाऱ्या रिक्वेस्टची संख्या आणि प्रत्येकीचा आतला वेळ यांचा गुणाकार म्हणजे एका क्षणी आत असलेल्या रिक्वेस्टची सरासरी संख्या. २,५०० गुणिले ०.०२२ म्हणजे ५५. तुमच्याकडे कनेक्शन ४० आहेत. प्रत्येक रिक्वेस्ट आपले कनेक्शन सुरुवातीपासून शेवटपर्यंत धरून ठेवत असेल, तर ४० कनेक्शनवर सेकंदाला सुमारे १,८०० पेक्षा जास्त रिक्वेस्ट निघूच शकत नाहीत आणि बाकीच्या पूलच्या दाराशी रांग लावतात. मी इथे मध्यक वापरला आहे. खरी सरासरी याहून जास्त असणार, म्हणजे परिस्थिती या हिशेबापेक्षाही वाईट आहे. ९०० मिलिसेकंदांचा तो आकडा मला या रांगेचा वाटतो. तो जावाचा दोष नाही आणि कर्नलचाही नाही. तिथे सी प्लस प्लस आणणे म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

पहिल्या तटाविषयीही स्पष्ट बोलतो. काफ्का मुळात भरपूर माल एकगठ्ठा वाहून नेण्यासाठी बांधलेला आहे. पाठवणारा भाग संदेश गोळा करून त्यांचा गठ्ठा करतो, आणि ४.० या आवृत्तीपासून गठ्ठा भरण्यासाठी थांबण्याची मुभा मुळातच ५ मिलिसेकंद ठेवलेली आहे. तुमच्या १० मिलिसेकंदांतले निम्मे तिथेच जाऊ शकतात. ती मुभा शून्यावर आणता येते, पण तरीही संदेश काफ्काच्या इतर यंत्रांवरच्या प्रतींपर्यंत पोहोचल्याची पावती येईपर्यंत थांबावे लागतेच. शिवाय पाच सेवांची साखळी केली आणि प्रत्येक सेवा शंभरातून एकदाच रेंगाळली, तरी पाचांपैकी एखादी तरी रेंगाळण्याची शक्यता १ टक्का राहत नाही, ती ४.९ टक्क्यांवर जाते. गूगलच्या डीन आणि बारोसो यांनी २०१३ साली हेच गणित मोठ्या प्रमाणावर मांडले होते: एका रिक्वेस्टसाठी १०० सर्व्हरना विचारावे लागत असेल आणि प्रत्येक सर्व्हर १ टक्का वेळा रेंगाळत असेल, तर ६३ टक्के रिक्वेस्ट रेंगाळतात.

छेदाच्या जागी एक काळजी मात्र घ्यावीच लागेल. ऑर्डर डेटाबेसमध्ये लिहिली आणि इव्हेंट काफ्काला पाठवण्यापूर्वीच प्रोग्रॅम पडला, तर ऑर्डर आहे पण हिशेबाला तिचा पत्ता नाही, असे होते. म्हणून ऑर्डर आणि इव्हेंट या दोन्ही नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही होतील किंवा एकही नाही अशा रीतीने) त्याच डेटाबेसमध्ये कराव्यात; इव्हेंटची नोंद आउटबॉक्स नावाच्या वेगळ्या तक्त्यात जाते आणि एक स्वतंत्र प्रोग्रॅम तो तक्ता वाचून काफ्काला कळवतो. हा प्रोग्रॅम कधीतरी तोच इव्हेंट दोनदा पाठवणार हे गृहीत धरावे आणि ऐकणाऱ्या प्रत्येक सेवेने ऑर्डर क्रमांक पाहून दुसरी प्रत सोडून द्यावी. पार्टिशन, म्हणजे काफ्कामधला संदेशांचा एक स्वतंत्र प्रवाह, ठरवण्यासाठी किल्ली म्हणून खाते क्रमांक द्यावा, कारण काफ्का क्रम पाळतो तो एका पार्टिशनच्या आतच.

तुम्ही स्वतः काय शिकावे, याला माझे उत्तर आधी मोजायला शिका असे आहे. बाकीचे दोन्ही विषय त्यातून तुमच्यासमोर येतील.

सायकल_मोजणारा

माझे सगळे काम कमी लेटन्सीचे आहे, तरीही तुमच्या दुसऱ्या तटाची बाजू मी घेणार नाही. १० मिलिसेकंद म्हणजे एक कोटी नॅनोसेकंद. प्रोसेसरच्या सर्वांत जवळच्या कॅशमधून वाचायला साधारण १ नॅनोसेकंद लागतो, मुख्य मेमरीतून वाचायला १०० च्या आसपास, आणि एक थ्रेड बाजूला करून दुसरा चालू करायला काही मायक्रोसेकंद. कर्नलला वळसा घालून तुम्ही वाचवणार ते काही मायक्रोसेकंद, फार तर काही दशक मायक्रोसेकंद. ज्यांचे वचनच ५ किंवा १० मायक्रोसेकंदांचे असते त्यांना ते मोलाचे असतात. तुमच्या हिशेबात ते चिल्लर आहेत. सहा जणांनी वर्ष घालवून चिल्लर गोळा करू नये. जावाच्या कचरा-सफाईची, म्हणजे नको झालेली मेमरी मोकळी करताना येणाऱ्या थांब्यांची, भीती असेल तर झेडजीसी हा जावातलाच सफाई करणारा भाग वापरून पाहा. जेडीके १५ पासून तो प्रत्यक्ष वापरासाठी तयार मानला जातो आणि जेडीके १६ पासून त्याचे थांबे १ मिलिसेकंदाच्या आत असतात.

जुना_गवंडी यांच्या मांडणीत मला एक भर घालायची आहे आणि एका ठिकाणी मतभेद नोंदवायचा आहे.

भर अशी की फार वेगवान प्रोग्रॅम आतून बहुधा इव्हेंटवरच चालतात. एलमॅक्स या व्यवहार मंचाने २०११ साली डिसरप्टर हे थ्रेडमध्ये इव्हेंट पोहोचवणारे आपले साधन मुक्त स्रोत म्हणून खुले केले. त्यांचा व्यवहाराचा गाभा जावामध्ये, एकाच थ्रेडवर, सगळी स्थिती मेमरीत ठेवून चालत असे आणि सेकंदाला ६० लाख ऑर्डर हाताळू शकत असे. आत येणारी प्रत्येक गोष्ट हा एक इव्हेंट, तो आधी रोजनाम्यात लिहिला जाई, आणि प्रोग्रॅम पडला तर रोजनामा पहिल्यापासून वाचून स्थिती पुन्हा उभी करता येई. तेव्हा इव्हेंट म्हणजे नेटवर्कपलीकडचा ब्रोकर (काफ्कासारखा मध्यस्थ), हे समीकरण डोक्यातून काढून टाकावे. क्यू एकाच प्रोग्रॅमच्या मेमरीतही असू शकतो आणि तिथे त्याची किंमत नॅनोसेकंदांत असते.

मतभेद डेटाबेसच्या जागेविषयी आहे. प्रत्येक तपासणीसाठी डेटाबेसकडे जात राहिलात, तर १० मिलिसेकंदांचे वचन गर्दीच्या वेळी टिकणार नाही. मर्यादा आणि उलाढाल मेमरीत आणावी, खाते क्रमांकानुसार खाती ठरावीक थ्रेडवर वाटावीत आणि एका खात्याला एकाच थ्रेडने हात लावावा. असे केले की लॉकचा प्रश्नच उरत नाही.

आणि मोजमापाचे म्हणाल, तर तुमचे १८० मिलिसेकंद कोणत्या साधनाने मोजले ते आधी सांगा. चाचणीचे साधन एका रिक्वेस्टचे उत्तर आल्यावरच पुढची पाठवत असेल, तर ते तुम्हाला खोटा दिलासा देते. समजा सेकंदाला १०० रिक्वेस्ट पाठवायच्या आहेत आणि सेवा पूर्ण एक सेकंद गोठली. खऱ्या जगात त्या सेकंदात १०० जण अडकले असते, पहिला हजार मिलिसेकंद, शेवटचा दहा. तुमचे साधन मात्र स्वतःही थांबून राहते आणि एकच वाईट नोंद करते. गिल टेने यांनी या चुकीला नाव देऊन ती सर्वांच्या नजरेस आणली आणि त्यांचे एचडीआर हिस्टोग्राम हे वेळा नोंदवणारे साधन त्यासाठीच हाताशी असावे. रिक्वेस्ट केव्हा पाठवली यापासून वेळ मोजू नका. ती केव्हा पाठवायला हवी होती, तिथून मोजा.

जुना_गवंडी

मतभेद मान्य आहे, पण तो या गटाला लागू होत नाही. स्थिती मेमरीत आणली की रोजनामा लिहिणे, त्याची दुसऱ्या यंत्रावर प्रत ठेवणे, पडल्यावर तो पुन्हा वाचणे आणि नवीन आवृत्ती बसवताना जुना रोजनामा तिला वाचता येईल हे पाहणे, ही चारही कामे तुमच्या गळ्यात पडतात. आज ती पोस्टग्रेस मुकाट्याने करतो आहे. इंडेक्स असलेली एक ओळ त्याच जागेतल्या डेटाबेसमधून वाचायला एक मिलिसेकंद पुरतो. आधी तिथवर पोहोचावे, मग मेमरीचे बोलावे.

तिसरी_पाळी

मी रात्री फोन आल्यावर उठणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे माझे म्हणणे थोडे कडवट वाटेल. पूर्वी मी जिथे काम करत होतो तिथे जवळजवळ सगळे इव्हेंटवर नेले होते आणि आकृती फार देखणी दिसत असे. एका रात्री एका सेवेने रकमेचे पूर्णांकी क्षेत्र बदलून तिथे मजकूर पाठवायला सुरुवात केली. ऐकणाऱ्या सेवेला तो वाचता येईना. चूक आली की ती सेवा तोच संदेश पुन्हा घेई, पुन्हा चुके, पुन्हा घेई. त्या एका संदेशामागे अख्खे पार्टिशन ४० मिनिटे तुंबून राहिले, आणि आमचा इशारा मात्र वाजला नाही, कारण तो साचलेल्या संदेशांच्या संख्येवर लावलेला होता आणि रात्री संदेश मुळातच कमी असतात.

तेव्हा पलीकडची चार कामे इव्हेंटवर नेण्याआधी पुढची तयारी करा. इशारा संख्येवर न लावता सर्वांत जुना न वाचलेला संदेश किती मिनिटांचा झाला यावर लावा. ठरावीक वेळा चुकलेला संदेश बाजूच्या वेगळ्या क्यूमध्ये जाऊ द्या, पण क्रम महत्त्वाचा असेल तर त्या खात्याचे पुढचे संदेशही रोखावे लागतील हे विसरू नका. संदेशाचा साचा बदलताना जुन्या वाचकाला तो वाचता येतो का, हे तपासल्याशिवाय बदल पुढे जाणार नाही अशी अडवणूक ठेवा. आणि ऑर्डर आत येताच तिला एक ओळख क्रमांक द्या, जो प्रत्येक इव्हेंटबरोबर आणि प्रत्येक लॉगच्या ओळीत फिरेल. तो नसेल तर पाच सेवांच्या लॉगमध्ये एक ऑर्डर शोधण्यात सकाळ होते.

अर्धविराम

तीन आठवड्यांनी परत लिहितो आहे, कारण आधी मोजण्यात वेळ गेला. आमचे चाचणीचे साधन खरोखरच उत्तराची वाट पाहून पुढची रिक्वेस्ट पाठवत होते. ठरलेल्या वेगाने पाठवून पुन्हा मोजले तेव्हा पी९९ १८० नसून २६० निघाला, त्यामुळे बैठकीत थोडी शांतता पसरली.

कनेक्शनबद्दलचा अंदाज अचूक होता. ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून आम्ही ग्राहकाला सूचना पाठवणाऱ्या बाहेरच्या सेवेला हाक मारत होतो आणि तिचे उत्तर येईपर्यंत कनेक्शन अडून राहत होते. सूचना, अहवाल आणि लेखापरीक्षण आउटबॉक्समध्ये टाकल्यावर पी९९ ४१ मिलिसेकंदांवर आला. तीन तपासण्यांच्या तीन क्वेरी एकत्र करून एक केल्यावर तो १९ झाला. हिशेब अजून हलवलेला नाही.

आता दोन अडचणी उरल्या आहेत. पहिली, मोजकी खाती फार व्यग्र आहेत आणि त्यांच्या ऑर्डर डेटाबेसमधल्या एकाच ओळीच्या लॉकसाठी खोळंबतात. १९ मधला मोठा वाटा त्यांचा आहे. दुसरी जास्त बुचकळ्यात टाकणारी आहे. आउटबॉक्स वाचणारा प्रोग्रॅम शेवटचा वाचलेला क्रमांक लक्षात ठेवतो आणि त्याहून मोठे क्रमांक मागतो. तरीही गर्दीत काही इव्हेंट कधीच पाठवले गेले नाहीत. तक्त्यात ते व्यवस्थित दिसतात.

सायकल_मोजणारा

पहिल्या अडचणीसाठी मी माझा मेमरीचा आग्रह सध्या मागे घेतो. १९ वरून १० ला जाण्यासाठी तो लागणार नाही. एका खात्याच्या ऑर्डर प्रोग्रॅमच्या आतच एका छोट्या क्यूमध्ये घ्या आणि तो क्यू एकाच थ्रेडला द्या. हा थ्रेड पहिली ऑर्डर डेटाबेसकडे नेत असताना मागे जेवढ्या साचतील तेवढ्या पुढच्या फेरीत एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये तपासायच्या. गठ्ठा भरण्यासाठी मुद्दाम थांबायचे नाही. साचले असेल तेवढेच उचलायचे. गर्दी नसेल तेव्हा गठ्ठा एकाचा असतो आणि कोणाला थांबावे लागत नाही. गर्दी वाढली की गठ्ठा आपोआप मोठा होतो आणि लॉक घेण्याच्या फेऱ्या कमी होतात. सेवेच्या एकाहून जास्त प्रती चालत असतील तर एका खात्याच्या ऑर्डर एकाच प्रतीकडे जातील अशी वाटणी पुढे करावी लागेल, नाहीतर तेच भांडण दोन यंत्रांमध्ये चालू राहील. क्यूच्या लांबीलाही मर्यादा घाला आणि ती ओलांडली की ऑर्डर लगेच परत पाठवा.

जुना_गवंडी

दुसरी अडचण पोस्टग्रेस वापरणाऱ्या बहुतेकांना एकदा तरी भेटते. क्रमांक वाटला जातो तो ओळ लिहिताना, पण ओळ इतरांना दिसते ती ट्रान्झॅक्शन पक्के झाल्यावर. ऑर्डर क ला ५०१ मिळाला, ऑर्डर ख ला ५०२ मिळाला आणि ख आधी पक्की झाली. तुमच्या वाचकाला त्या क्षणी ५०२ दिसला, त्याने तो लक्षात ठेवला आणि पुढे ५०२ च्या वरचेच मागत राहिला. काही क्षणांनी क पक्की झाली आणि ५०१ तक्त्यात आला, पण त्याच्याकडे आता कोणी पाहत नाही.

त्यामुळे शेवटचा क्रमांक लक्षात ठेवणे सोडून द्या. वाचकाने जे दिसेल ते घ्यावे, काफ्काची पावती आल्यावर त्या ओळी पुसाव्यात आणि पुढच्या फेरीत पुन्हा जे उरले असेल ते घ्यावे. उशिरा दिसलेला ५०१ असा आपोआप सापडतो. एका खात्याच्या क्रमालाही यात धोका नाही, कारण त्या खात्याच्या ऑर्डर ओळीच्या लॉकमुळे एकापाठोपाठ एकच पक्क्या होतात. आउटबॉक्सची नोंद तो लॉक हातात असतानाच करा, एवढे मात्र पाहा. वाचक एकच ठेवा. वेगासाठी दोन-तीन वाचक लावून दुसऱ्याने धरलेल्या ओळी वगळण्याची सोय वापरलीत, तर एका खात्याचे इव्हेंट दोन वाचकांच्या हातात जातील आणि क्रम तिथे मोडेल. एक वाचक अपुरा पडू लागला तर खाते क्रमांकानुसार तक्त्याचे भाग पाडा आणि प्रत्येक भागाला एक वाचक द्या. आत्तापर्यंत सुटलेले इव्हेंट तक्त्यात आहेतच. हिशेब पलीकडे हलवण्याआधी ते पाठवून घ्या.